अक्षर लागत नाही

सप्टेंबर 2023 मध्ये जालना जिल्ह्यात एका विसरल्या गेलेल्या कामाला अचानक भाव आला. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत 29 ऑगस्टला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला, आणि 7 सप्टेंबरला मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. अभिलेख कक्षांतले बस्ते सुटले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क पत्रक, गाव नमुना 14, शाळांचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, 1951 चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, अगदी ताडीच्या नोंदवह्या आणि तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची रजिस्टरेसुद्धा तपासायच्या यादीत होती. कागद निघाले खरे, पण ते वाचणार कोण? एका पानावर मोडी, दुसऱ्यावर घाईच्या शिकस्ता वळणातली उर्दू. आजच्या कारकुनाला ही दोन्ही अक्षरे लागत नाहीत.

मग शोध सुरू झाला तो घरी बसून ही अक्षरे लावणाऱ्या माणसांचा. निवृत्त शिक्षक, पुराभिलेख विभागाचा मोडीचा वर्ग केलेले तरुण, घर सांभाळून हे काम करणाऱ्या बाया, उर्दू शाळेतले गुरुजी. लिप्यंतरकार म्हणून यांची ओळख फार तर वकिलांना आणि जात पडताळणीच्या फेऱ्यांत सापडलेल्या कुटुंबांना असते. इनामाचा वाद, वारसाचा वाद, पणजोबाच्या नावची सनद असे काही निघाले की त्यांच्याकडे जायचे, पानावर दर ठरवायचा, आठ दिवसांनी स्वच्छ देवनागरी प्रत घेऊन यायचे. एवढाच त्यांचा जगाशी संबंध.

जालन्याच्या बस्त्यांत दोन लिप्या एकत्र का नांदतात, याचे उत्तर 1719 पर्यंत मागे जाते. त्या वर्षी मोगल बादशहाकडून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना मिळाल्या. पुढे निजामाची सत्ता स्थिरावली, तरी मराठ्यांचा हिस्सा सुटला नाही. एकाच गावच्या उत्पन्नावर दोन सरकारांचे हक्क, म्हणून हिशेबही दोन. निजामाकडचा फारसीत, मराठ्यांकडचा मोडीत. गावात मात्र लिहिणारा बहुधा एकच असे, कुलकर्णी किंवा पटवारी. दप्तर त्याच्या घरातच असायचे. ओसरीवर बसून तो लिहायचा, बस्ते माळ्यावर ठेवायचा आणि मरताना मुलाच्या हवाली करायचा. घरबसल्या लेखनकामाची मराठवाड्यातली ही सगळ्यात जुनी रीत म्हणता येईल.

हैदराबाद संस्थानात 1884 च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. रयत मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी आणि सरकारी कागद उर्दूत, असा हा कारभार सप्टेंबर 1948 पर्यंत चालला. 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्यामुळे मराठवाड्यातल्या शिकलेल्या जुन्या माणसांना, मग ती कोणत्याही जातीधर्माची असोत, उर्दू लिहिता-वाचता येई. संस्थान विलीन झाले तेव्हा जो पंधरा वर्षांचा होता, तो 2023 मध्ये नव्वदीला आला. या पिढीला तिच्या हयातीत कोणी कागद वाचायला बसवले नाही, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. मोडीचेही तेच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवली जाणारी ही लिपी दोन पिढ्यांत अनोळखी झाली.

ज्या जिल्ह्यात ही वेळ आली, तिथलाच एक माणूस अक्षराबद्दल फार काटेकोरपणे सांगून गेला आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, जन्म 1608 चा. समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे आणि तो कोणत्याही लेखनिकाने भिंतीवर लावावा इतका व्यवहारी आहे. पानाच्या चारही बाजूंना जागा सोडा, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते उपयोगाला येत नाही. या सूचना बाळबोध अक्षरासाठी आहेत. पटवाऱ्याला मात्र एवढी फुरसत नव्हती. कागद महाग, नोंदी अनेक, वरून तगादा. त्याने कडेची जागाही भरून, ओळीला ओळ चिकटवून लिहिले. झडलेल्या कडांबरोबर नावांची अर्धी अक्षरे गेली, आणि त्याचा भुर्दंड आजचा वाचणारा सोसतो आहे.

गाव नमुना 14 चे एखादे पान समोर घेतले की हा भुर्दंड केवढा ते कळते. ही जन्म-मृत्यूची नोंदवही, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. घरोघरची खबर कोतवालाने तोंडी आणायची आणि लिहिणाऱ्याने रकान्यात बसवायची. मेलेल्याचे नाव, बापाचे नाव, जात, वय, मृत्यूचे कारण. कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, देवी. ऐकलेले दुखणे दुसऱ्याने लिहून काढायचे, म्हणजे एका अर्थाने हे गावपातळीवरचे वैद्यकीय लेखनच होते. मोडीत असेल तर आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली हात न उचलता लिहिलेले. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, इकार-उकाराला ऱ्हस्व-दीर्घ नाही. उर्दूत असेल तर घाईत नुक्ते गाळलेले, आणि नुक्ता गेला की ब, प, त, न यांच्यात फरक उरत नाही. ड वरची छोटी खूण राहिली की अंबडचे अंबद होते. उर्दूत ण नाही, ऱ्हस्व स्वर लिहायची सक्ती नाही. म्हणजे ज्या नोंदीसाठी हा सारा खटाटोप, तो कुणबी हा शब्दच तिथे क, न, ब आणि शेवटची ई एवढ्या सांगाड्यावर उभा असतो.

रकमा वेगळ्याच. सियाक, किंवा नुसते रकम, नावाच्या पद्धतीत आकडे नसतात, अरबी संख्यानामांची आखडून टाकलेली रूपे असतात. ती स्वतंत्रपणे शिकावी लागतात, नुसते उर्दू येऊन भागत नाही. तारखांचा घोळ त्यावर आणखी. हैदराबादच्या फसली सनात 590 मिळवायचे आणि कोणता महिना आहे ते पाहून एखादे वर्ष पुढे जायचे. महिने आजूर, दै, बहमन असे इराणी. मराठी कागदावर शुहूर सन असेल तर 599 किंवा 600 मिळवायचे, आणि तारखेआधी छ असेल तर ती चांद्र तारीख हे ध्यानात ठेवायचे. एक वर्ष चुकले तर वंशावळीत मुलगा बापाच्या आधी जन्मतो आणि सगळे प्रकरण परत येते.

हे सगळे करून पान पूर्ण होते तेव्हा पैसे एका पानाचे. दहा मिनिटांत लागलेले पानही एक आणि दोन रात्री खाल्लेले पानही एकच. जो वाचतो त्याची खरी तक्रार ही आहे. दर कमी आहे हा पुढचा मुद्दा. मोजले जाते ते लिहिणे, आणि कष्ट सगळे वाचण्यात आहेत. शिंदे समितीचा पहिला अहवाल ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस स्वीकारला गेला, तेव्हा सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासून 11,530 कुणबी नोंदी सापडल्याचे सांगण्यात आले. बातमी साडेअकरा हजारांची झाली. पण एक नोंद सापडायला सरासरी दीड हजार नोंदी नजरेखालून घालाव्या लागल्या. काही न सापडणाऱ्या त्या वाचनाला कुठल्याच हिशेबात रकाना नाही.

याहून कठीण असते ते न लागलेल्या अक्षराचे. इतिहास संशोधकांनी यावर सरळ तोडगा काढला होता. वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली, बावीस खंड काढले. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग रियासतकार सरदेसाईंनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला सिद्ध केले. अशा छापील साधनग्रंथांत फाटलेल्या, न लागलेल्या मजकुराच्या जागी टिंबे दिसतात. विद्वानाच्या ग्रंथात टिंबे म्हणजे प्रामाणिकपणा. घरी बसून पानावर पैसे घेणाऱ्याच्या प्रतीत तीच टिंबे म्हणजे अपुरे काम! गिऱ्हाईक म्हणते, पैसे दिले ते रिकाम्या जागांचे का? आणि ज्याच्या मुलाचा प्रवेश एका शब्दावर अडलेला आहे, त्याला टिंबे दाखवणे सोपेही नसते. तो जवळचा असतो, ओळखीतून आलेला असतो, म्हणतो, बघा ना सर, तिथे तेच असणार. तेच असेलही. पण तेच दिसते आहे, असे लिहून खाली सही करता येत नाही. उद्या जात पडताळणी समितीसमोर दुसऱ्याने वेगळे वाचले तर विचारणा सही करणाऱ्याला होते.

मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन करणाऱ्यांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या डॉक्टरांचे तोंडी अहवाल भारतात येऊ लागले, आणि कानाला हेडफोन, पायाशी पेडल लावून ते टाइप करणारी मोठी फळी महाराष्ट्रातही उभी राहिली. पुढे हे काम घरोघर गेले. तिथे मोजमाप ओळीचे, ओळ म्हणजे साधारण 65 अक्षरे. डॉक्टर जेवता जेवता बोलो, मागे गाड्यांचा आवाज असो, औषधाचे नाव गिळून टाको, ओळीचा दर तोच. तिथला चांगला नियम असा की ऐकू आले नाही तर अंदाज करायचा नाही, जागा रिकामी सोडून ध्वनिफितीतली वेळ नोंदवायची. कारण चुकीचे औषध रिकाम्या जागेपेक्षा घातक. पण रिकाम्या जागा वाढल्या की गुण कमी, गुण कमी झाले की पुढचे काम कमी. मग आवाज ओळखणारी सॉफ्टवेअरे आली. यंत्राने काढलेला मसुदा दुरुस्त करायचा, आणि आता टाइप थोडेच करता, म्हणून दर कमी. चुका शोधताना ध्वनिफीत मात्र पुन्हा पूर्ण ऐकावी लागते.

मोडीच्या दारातही आता यंत्र आले आहे. 2014 मध्ये युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली. 2025 मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी पानाच्या छायाचित्रावरून देवनागरी मजकूर काढणारी प्रणाली जाहीर केली. तिच्यासाठी 2,043 प्रतिमा आणि त्यांची देवनागरी लिप्यंतरे जमवली होती. हे काम मोलाचे आहे, त्याचे स्वागतच व्हायला हवे. पण यंत्र टिंबे ठेवायला शिकेल का, हे त्याच्यापुढे ठेवलेल्या लिप्यंतरांवर अवलंबून राहील, आणि ती शेवटी डोळे खर्चून माणसांनीच केलेली असतात. यंत्राचा मसुदा तपासायला पुन्हा तीच माणसे लागतील. तेव्हा त्यांना तपासणीचा अर्धा दर देऊन चालणार नाही. आवाजाच्या धंद्यात जे झाले ते इथे होऊ द्यायचे नसेल, तर पानामागचा वेळ आणि अक्षराची अवघडता धरून दर आत्ताच ठरले पाहिजेत, आणि ‘अस्पष्ट’ असा शेरा देणाऱ्याचे पैसे कापले जाणार नाहीत हे लेखी असले पाहिजे.

2 सप्टेंबर 2025 ला कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियर लागू करण्याचा शासन निर्णय निघाला, आणि जुन्या कागदांकडे पुन्हा सगळ्यांचे लक्ष लागले. अंबड, परतूर, मंठ्याच्या बस्त्यांत मोडीच्या बरोबरीने निजामी उर्दूही आहे, सियाकातल्या रकमा आहेत. त्या 2,043 पानांत ती येत नाहीत. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. शिकस्ता आणि सियाक यांचे तसे वर्ग जालन्यात, तालुक्याच्या ठिकाणी, निदान एका उन्हाळ्यात भरवायला हवेत. ते शिकवू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि बहुतेक जण वयाने मोठे आहेत.