फाटलेले लाकूड आणि लोखंडाचा बंद

जुन्या गावगाड्यात सुतार आणि लोहार हे जोडीचे बलुतेदार होत. एकाने लाकूड घडवावे व दुसऱ्याने ते बांधून द्यावे, अशी कामाची वाटणी असे. वेशीचे दरवाजे, रथाची चाके, देवळापुढील खांब पिढ्यान् पिढ्या उघड्यावर उभे राहिले, त्याचे श्रेय या दोघांच्याही हातांना आहे.

लाकूड फाटते का, हे प्रथम पाहणे अगत्याचे आहे. पावसाळ्यात ओल घेऊन ते फुगते व उन्हाळ्यात सुकून आकसते. परंतु ते सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. वलयांच्या दिशेचा आकस हा गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसाच्या सुमारे दुप्पट असतो. या ओढाताणीत खांबाला उभी भेग पडते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी सुमारे 2000 वर्षे टिकून आहेत, कारण डोंगराच्या पोटात त्यांना ऊनपावसाचा मारा नाही. उघड्यावरील लाकडाच्या नशिबी हे सुख नसते.

त्यावर बैलगाडीच्या चाकाने उत्तम तोड काढली. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान अशी लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात तापवीत. तापून फुगलेली धाव चाकावर चढवून लगेच पाणी ओतीत. निवताना ती आकसे आणि पाटे, आरे व तुंबा यांना एकजीव आवळून धरी. खिळा न मारता केवळ मिठीने लाकूड सांधण्याची ही विद्या होय.

समुद्रानेही एक धडा दिला. 1780 च्या दशकात ब्रिटिश आरमाराने जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, तेव्हा आतील लोखंडी बोल्ट झपाट्याने झिजू लागले. तांबे व लोखंड ओलीत एकत्र नांदत नाहीत, हे कळल्यावर पाण्याखाली तांब्याचेच बोल्ट आले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेले 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज 1817 साली पाण्यात उतरले. 1990 ते 2001 या काळात इंग्लंडातील हार्टलपूल येथे त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि आजही ते तेथे तरंगत आहे.

ओलीत टिकणाऱ्या गोंदांचा इतिहास मात्र अलीकडचा. हाडाकातड्याचा सरस घरातील सामानाला उत्तम, पण ओल लागताच तो सुटतो. दुधातील केसीनचा गोंद त्याहून बरा, तरी दमट हवेत त्याला बुरशी धरते. दुसऱ्या महायुद्धात 'मॉस्किटो' या लाकडी विमानासाठी आधी केसीन वापरले, पुढे ओलीस टिकणारे फॉर्माल्डिहाइडचे गोंद आले. 1946 च्या सुमारास एपॉक्सी बाजारात आले. आपल्याकडे ते ॲराल्डाइट या नावाने घरोघरी माहीत आहे.

या साऱ्यातून निघणारा बोध साधा आहे. भेग स्वच्छ व कोरडी असल्याशिवाय कोणताही गोंद धरत नाही. भर उन्हाळ्यात रुंदावलेली भेग कडक लांबीने ठासून भरली, तर पावसाळ्यात फुगणारे लाकूड दुसरीकडे फुटते. पट्टी न गंजणाऱ्या धातूची असावी, तिची भोके थोडी लांबट ठेवावीत, म्हणजे लाकडाला हलण्यास वाव राहतो. खांबाचा वरचा छेद झाकावा व बुडाशी पाणी साचू देऊ नये.

भेग पडली म्हणजे लाकूड गेले, असे नव्हे. गाभा शाबूत असेल तर चार बोटांच्या बंदाने जुना खांब आणखी दोन पिढ्यांचे ओझे पेलू शकतो. तो काढून टाकण्यापूर्वी जाणत्या सुताराने टोचा मारून एकदा पाहावा, हेच शहाणपणाचे.