निवासी रस्त्यांवरील अवजड वाहनबंदी

निवासी रस्त्यांवरील अवजड वाहनबंदी म्हणजे ठरावीक वजनाच्या, आकाराच्या किंवा प्रकारच्या मालवाहू वाहनांना लोकवस्तीतील रस्त्यांवरून जाण्यास कायमची किंवा विशिष्ट वेळेपुरती केलेली मनाई होय. भारतात व्यवहारात तिला ‘नो एंट्री’ असे म्हटले जाते. रहिवाशांची सुरक्षितता व झोप जपणे, तसेच रस्ते, पूल आणि जमिनीखालील नळवाहिन्यांचे रक्षण करणे हे तिचे मुख्य हेतू आहेत. शहराला लागणारे धान्य, भाजीपाला, औषधे आणि बांधकामाचे साहित्य मात्र याच वाहनांतून येते. त्यामुळे बंदीने मालवाहतूक थांबत नाही. ती दुसऱ्या रस्त्यावर किंवा दुसऱ्या वेळेवर जाते. बंदीसाठी कोणती वेळ निवडली यावरून तिचा लाभ कोणाला मिळणार हे ठरते. दिवसाच्या बंदीने प्रामुख्याने रहदारी सुरळीत होते, तर रात्रीच्या बंदीने रहिवाशांची झोप सुरक्षित राहते.

कारणे

रस्त्यांची झीज: अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची एक मोठी चाचणी घेण्यात आली. वाहनाच्या एका आसावर येणाऱ्या भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात रस्त्याची झीज होते, असे तिच्या निष्कर्षांवरून मांडले गेले. या नियमानुसार १० टन भाराचा एक आस १ टन भाराच्या आसापेक्षा स्थूलमानाने १०,००० पट अधिक झीज घडवतो. हलक्या वाहनांसाठी बांधलेले गल्लीबोळांतील रस्ते यामुळे लवकर खचतात.

अपघातांचा धोका: मालमोटारीचा चालक उंचावर बसतो. त्यामुळे वाहनाच्या अगदी पुढचा आणि बाजूचा काही भाग त्याच्या दृष्टीआड राहतो. लहान मुले, वृद्ध पादचारी व सायकलस्वार यांना या भागात सर्वाधिक धोका असतो. वळण घेताना लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा वळणाच्या आतल्या बाजूने जातात. अरुंद रस्त्यावर ती पदपथावर चढू शकतात.

आवाज: इंजिनाची घरघर, हवेच्या ब्रेकचा फूत्कार, खड्ड्यातून जाताना रिकाम्या हौद्याचा होणारा खडखडाट आणि घरांना बसणारे हादरे यांमुळे झोपमोड होते. रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलपेक्षा कमी असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत केली. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा ठरवली आहे. रात्री १० ते सकाळी ६ हा काळ या नियमांत रात्र मानला जातो.

बंदीचे प्रकार

१. वजनावर आधारित बंदी: दुर्बल पुलावरील बंदीत वाहनाच्या प्रत्यक्ष वजनाचा विचार होतो. वस्तीच्या रक्षणासाठी घातलेल्या बंदीत सहसा वाहनाचे कमाल अनुज्ञेय एकूण वजन पाहिले जाते. त्यामुळे वाहन रिकामे असले तरी बंदी लागू होते. ब्रिटनमध्ये अशा बंदीसाठी ७.५ टनांची मर्यादा रूढ आहे. त्या रस्त्यावरील घरी किंवा दुकानी माल पोहोचवणाऱ्या वाहनांना बहुधा सूट असते.

२. आकारावर आधारित बंदी: रस्त्याच्या तोंडाशी खांब रोवून रुंदी किंवा लोखंडी कमान उभारून उंची मर्यादित केली जाते. तिच्या अंमलबजावणीसाठी पोलीस उभा करावा लागत नाही. मात्र अग्निशमन बंब व रुग्णवाहिका यांच्यासाठी वेगळी वाट ठेवावी लागते.

३. वेळेवर आधारित बंदी: दिवसाच्या किंवा रात्रीच्या ठरावीक तासांत प्रवेश नाकारला जातो.

इतिहास

वेळेवर आधारित बंदीचे प्रसिद्ध प्राचीन उदाहरण रोम येथील आहे. ज्युलियस सीझरच्या काळातील समजल्या जाणाऱ्या इसवी सन पूर्व ४५ च्या सुमाराच्या एका कायद्याने सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या प्रहरतासापर्यंत, म्हणजे उतरत्या दुपारपर्यंत, शहरात गाड्या आणण्यास मनाई केली होती. देवळांच्या बांधकामाचे साहित्य वाहणाऱ्या आणि शहरातील कचरा बाहेर नेणाऱ्या गाड्यांना त्यातून सूट होती. त्यामुळे दिवसाची गर्दी कमी झाली. परंतु मालाच्या गाड्या रात्री धावू लागल्या. पुढे जुव्हेनल या रोमन कवीने आपल्या उपहासकाव्यात अरुंद रस्त्यांवरील गाड्यांच्या गोंगाटामुळे रोममध्ये झोप दुर्मीळ झाल्याची तक्रार केली आहे.

विसाव्या शतकात मालमोटारींचा आकार व वजन वाढत गेले, तसा हा प्रश्न पुन्हा तीव्र झाला. ब्रिटिश संसदेने १९७३ मध्ये अवजड व्यापारी वाहनांच्या नियंत्रणासाठी कायदा केला. परिसराचे स्वास्थ्य जपण्यासाठी अशा वाहनांचे मार्ग ठरवणे व काही रस्ते त्यांना बंद करणे यांकडे त्यामुळे स्थानिक संस्थांचे लक्ष वेधले गेले.

लंडनमधील योजना

ग्रेटर लंडन कौन्सिलने नेमलेल्या डेरेक वुड यांच्या समितीने अवजड वाहनबंदीच्या परिणामांची चौकशी करून १९८३ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर कौन्सिलने १९८५ मध्ये रात्री व शनिवार-रविवारी लागू होणारी बंदी जारी केली. कौन्सिल ३१ मार्च १९८६ रोजी बरखास्त झाली, तरी लंडनमधील स्थानिक बरोंनी संयुक्तपणे ही योजना पुढे चालवली. १९८६ मध्येच लंडनभोवतीचा एम-२५ हा वर्तुळाकार महामार्ग पूर्ण झाला. त्यामुळे शहरात काम नसलेल्या वाहनांना बाहेरून जाण्याचा पर्याय मिळाला.

सध्या ही योजना १८ टनांहून अधिक कमाल एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांना लागू आहे. सोमवार ते शुक्रवार रात्री ९ ते सकाळी ७ आणि शनिवारी दुपारी १ पासून सोमवारी सकाळी ७ पर्यंत तिचे निर्बंध असतात. प्रमुख रस्त्यांचे एक जाळे बंदीतून वगळलेले आहे. बंदीच्या वेळेत वस्तीत माल पोहोचवायचा असल्यास परवाना घ्यावा लागतो. परवानाधारक वाहनानेही शक्य तितका प्रवास वगळलेल्या रस्त्यांवरून करून निर्बंधित रस्त्यांचा वापर कमीत कमी ठेवायचा असतो. म्हणजेच ही सरसकट मनाई नसून मार्गाची शिस्त आहे.

हवेच्या ब्रेकचा आवाज कमी करणारे साधन वाहनाला बसवावे, अशी अट सुरुवातीच्या काळात परवान्यासाठी घालण्यात आली होती. युरोपीय समुदायाच्या वाहनविषयक नियमांशी ही अट विसंगत असल्याचा दावा करून मालवाहतूकदारांच्या संघटनेने तिला न्यायालयात आव्हान दिले. १९९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बरोंच्या बाजूने निकाल दिला. नियमभंगासाठी पूर्वी फौजदारी खटले भरले जात. पुढे त्यांची जागा दिवाणी दंडाने घेतली. २०१० च्या दशकात हा दंड वाहतूकदार संस्थेस ५५० पौंड व चालकास १३० पौंडांपर्यंत होता. २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात दुकानांतील जीवनावश्यक मालाचा पुरवठा सुरळीत राहावा म्हणून योजनेची अंमलबजावणी तात्पुरती स्थगित करण्यात आली होती.

भारतातील स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ११५ अन्वये राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी अशी बंदी घालू शकतो. सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे अथवा पुलाचे स्वरूप ही त्यासाठीची कारणे होत. बंदीची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते आणि रस्त्यावर योग्य वाहतूकचिन्हे लावावी लागतात. एक महिन्याहून अधिक काळ लागू न राहणाऱ्या बंदीसाठी राजपत्रातील अधिसूचना आवश्यक नसते; परंतु स्थानिक पातळीवर तिला प्रसिद्धी द्यावी लागते. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत वाहतूक पोलीस शाखा अशा अधिसूचना काढतात. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस आणि अत्यावश्यक सेवा यांना त्यांतून सामान्यतः सूट असते.

भारतीय शहरांतील बंदी बहुतांशी दिवसा, विशेषतः सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी असते. परिणामी मालमोटारी शहराच्या वेशीवर थांबून राहतात आणि रात्री आत येतात. रोमप्रमाणेच येथेही दिवसाचा रस्ता मोकळा होतो. मात्र रात्रीचा त्रास रस्त्याकाठच्या घरांना होतो.

या प्रश्नावर वाहनबंदीखेरीज दोन उपाय दिसून येतात. पहिला उपाय म्हणजे मालाची बाजारपेठच हलवणे. मुंबईच्या दाटीतील कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे नेण्यात आला आणि पुढे इतर शेतमालाचे घाऊक बाजारही त्याच परिसरात आले. दुसरा उपाय म्हणजे शहराबाहेरून जाणारा रस्ता बांधून शहरातील प्रवास महाग करणे. दिल्लीत शिरणाऱ्या मालवाहू वाहनांवर पर्यावरण भरपाई शुल्क आकारण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. २०१८ मध्ये शहराभोवतीचे पूर्व व पश्चिम परिघीय द्रुतगती मार्ग पूर्ण झाले.

मर्यादा व आक्षेप

एका रस्त्यावर बंदी घातली की वाहने शेजारच्या रस्त्यावर वळतात. म्हणून एकेका गल्लीचा सुटा विचार करण्याऐवजी संपूर्ण भागाचा आराखडा करावा लागतो. मोठ्या वाहनाऐवजी अनेक छोटे टेम्पो वापरले गेल्यास एकूण फेऱ्या वाढतात आणि त्यांच्यासोबत इंधनाचा खर्चही वाढतो. बंदी उठण्याची वाट पाहणाऱ्या चालकांसाठी वाहनतळ, स्वच्छतागृह व विश्रांतीची सोय नसेल, तर वाहने महामार्गाच्या कडेला उभी राहतात आणि त्यातून नवे अपघात संभवतात. मालवाहतुकीसाठी खुल्या ठेवलेल्या रस्त्यांच्या दुतर्फाही वस्ती असते. इतर रस्त्यांना शांतता मिळावी म्हणून तेथील रहिवाशांवर अधिक भार पडतो. त्यामुळे मार्ग निश्चित करताना या रहिवाशांच्या हरकतींचा विचार हा बंदीच्या न्याय्यतेचा कळीचा मुद्दा ठरतो.