म्हसवड : प्रवास व निवास

महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात माणगंगेच्या काठी वसलेले नगरपालिकेचे गाव. सिद्धनाथ-जोगेश्वरीचे क्षेत्र (→ माणदेश). मराठेशाहीत हे माने घराण्याचे ठाणे होते. संताजी घोरपडे यांना १६९७ मध्ये ठार करणारे नागोजी माने येथलेच (→ घोरपडे, संताजी).

सातारा-पंढरपूर रस्त्यावर पुसेगाव, दहिवडी व गोंदवले मागे टाकल्यावर म्हसवड लागते. साताऱ्यापासूनचे अंतर सुमारे ९० किमी. आहे. गावाला रेल्वे नाही, येणेजाणे एस.टी. व खाजगी वाहनांवर चालते. आटपाडीकडून सांगली जिल्ह्यातील भाविक येतात.

वर्षभर साधी लॉज, खानावळी पुरतात. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेच्या रथोत्सवात मात्र चित्र पालटते. ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’ या गजरात रथावर गुलाल-खोबरे उधळले जाते. दूरवरून आलेली कुटुंबे पालात, वाहनांत किंवा सोयऱ्यांकडे उतरतात, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजतात. यात्रेतील मुक्कामाची खरी व्यवस्था हीच म्हणावी लागेल. धनगर समाजाचा सहभाग मोठा असतो (→ गजीनृत्य).

माणदेशी महिला सहकारी बँक (स्थापना १९९७) येथे असल्याने ग्रामीण अर्थकारणाचे अभ्यासकही येतात. जवळचा ब्रिटिशकालीन राजेवाडी तलाव पाहण्याजोगा आहे. हा पर्जन्यछायेचा मुलूख असल्याने उन्हाळ्यात पाणी सोबत ठेवावे. यात्राकाळात निवासाची सोय आधीच करावी.