वेदी की मेज?

‘वेदी’ हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे होमकुंड येते, समिधा येतात, तुपाचा धूर येतो. मराठी ख्रिस्ती उपासनेतही हाच शब्द रूढ आहे. पण कोपरखैरण्याच्या परिसरातल्या एखाद्या कॅथलिक मंदिरात आपण रविवारी गेलात, तर तिथे ना अग्नी दिसेल, ना आहुती. दिसेल ते पांढऱ्या वस्त्राने झाकलेले मेज, आणि त्यामागे लोकांकडे तोंड करून उभे असलेले धर्मगुरू. मग याला वेदी का म्हणायचे?

ज्यू लोकांची वेदी खरोखरीच यज्ञाची होती. तिचे दगड घडवू नयेत, त्यांना हत्यार लावू नये, अशी आज्ञा निर्गमाच्या पुस्तकात आहे. इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि तिथले पशुयज्ञ संपले. पहिले ख्रिस्ती लोक तर घराघरांत जमत आणि भाकर मोडून वाटून खात. येशूचे मरण हाच अखेरचा यज्ञ, आता दुसरा बळी नको, ही त्यांची श्रद्धा. पुढे हुतात्म्यांच्या कबरींपाशी उपासना होऊ लागली. मेज दगडाचे झाले, त्यात संतांचे अवशेष ठेवण्याची चाल पडली. म्हणजे जेवणाचे मेज, यज्ञाची वेदी आणि कबर असे तिन्ही अर्थ त्या एका दगडात आले.

गोव्यातले बॉम जेझसचे मंदिर १६०५ सालचे. तिथली वेदी पाठच्या भिंतीशी, आणि त्या भिंतीवर सोनेरी नक्षीचा नुसता डोंगर! कोकणीत तिला ‘आल्तार’ म्हणतात. शब्द अर्थातच पोर्तुगीज. त्या काळी धर्मगुरू लॅटिनमध्ये उपासना करीत, तीही लोकांकडे पाठ करून. याला आता कुणी उद्धटपणा म्हणतात. मला ते पटत नाही. देवळात पुजारी मूर्तीकडे तोंड करून पूजा करतो, तेव्हा तो आपला अपमान करतो काय? तो आपल्याच बाजूने, आपल्या पुढे उभा असतो. खरी अडचण भाषेची होती. वसईच्या शेतकऱ्याला लॅटिन कुठून समजणार?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली. पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १९६४ मध्ये, वेदी भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे लोकांकडे तोंड करून उपासना करता येईल, अशी सूचना रोमहून निघाली. त्याच वर्षी डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईच्या धर्मपरिषदेला आले होते. १९६९ साली भारतासाठी आणखी मोकळीक मिळाली: पादत्राणे काढावीत, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा चालेल, आरतीही चालेल. यावर ख्रिस्ती समाजातच वाद माजला. काहींना हे आपलेपण वाटले, काहींना परक्या धर्माची उसनवारी. मला विचाराल तर, ज्याने ‘वेदी’ हा शब्द घेतला त्याने समईला बिचकायचे कारण नाही. पण हा निवाडा बाहेरच्या माणसाने करू नये, हेही खरे.

अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे. तो पंथ प्रॉटेस्टंट. तिथे प्रभुभोजनाचे मेजच, वेदी नव्हे, भर प्रवचनावर.

नवी मुंबईच्या वसाहती वसल्या त्या सिडकोच्या, म्हणजे १९७० नंतरच्या. त्यामुळे तिथल्या नव्या कॅथलिक मंदिरांना जुनी वेदी भिंतीपासून सोडवण्याचा खटाटोप करावाच लागला नाही. नव्या मंदिरात वेदी शक्यतो एकच असावी, असाही आता संकेत आहे. मिस्साच्या आरंभी धर्मगुरू वाकून तिचे चुंबन घेतात. वेदी म्हणजे खुद्द ख्रिस्त, असा त्याचा अर्थ. शिक्षकांनी मुलांना नेऊन हे जरूर दाखवावे. आणि जमले तर गुड फ्रायडेला न्यावे. त्या दिवशी मिस्सा होत नाही. उपासना सुरू होते तेव्हा वेदीवर वस्त्र नसते, मेणबत्ती नसते, क्रूसदेखील नसतो. नुसते उघडे मेज.