पूर्णांक-रूपांतर, स्ट्रिंगचे
मजकूर म्हणून साठवलेल्या अंकांपासून गणितास योग्य असा पूर्णांक तयार करण्याची क्रिया. संगणक डावीकडून एकेक अंक उचलतो, आधीच्या किमतीला १० ने गुणतो व नवा अंक मिळवतो; ‘४५’ साठी आधी ४, मग ४×१०+५. पायथनमधील ‘इंट’ला देवनागरी अंकही चालतात, कारण युनिकोडने त्यांना संख्यामूल्य दिले आहे. जावास्क्रिप्टच्या ‘पार्सइंट’ला ते कळत नाहीत, त्याला इंग्रजी अंकच लागतात.

खरा धोका अर्धवट रूपांतराचा. कुही तालुक्यातील (जि. नागपूर) एखाद्या सातबाऱ्यावरचा भूमापन क्रमांक ४५/२ असेल आणि तो इंग्रजी अंकांत दिला, तर पायथन त्रुटी दाखवून थांबते, आणि तेच योग्य. ‘पार्सइंट’ मात्र तिरप्या रेघेपाशी थांबून निमूटपणे ४५ परत करते. पोटहिस्सा गळतो; शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीनच बदलते. नागपूरचा दूरध्वनी संकेतांक ०७१२ हाही रूपांतरानंतर ७१२ उरतो. असे क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवावेत. मिरचीची पोती किंवा रक्कम यांची बेरीज करायची असते, तिथे रूपांतर हवेच. मात्र स्वल्पविराम आधी काढावेत, ‘१,२५,०००’ पायथन स्वीकारत नाही.