बग ट्रॅकर आणि बिल्ड : दोन नोंदवह्यांची सांगड

मोठे सॉफ्टवेअर तयार होत असताना त्याच्या दोन नोंदवह्या समांतर चालू असतात. पहिली दोषांची. कोणता दोष कोणाला आढळला, तो कोणाकडे सोपवण्यात आला आणि पुढे त्याचे काय झाले, हे जिच्यात लिहिले जाते ती नोंदवही म्हणजे ‘बग ट्रॅकर’. दुसरी बिल्डची. अनेक प्रोग्रॅमरनी लिहिलेला सोर्स कोड एकत्र करून त्यातून प्रत्यक्ष चालणारे सॉफ्टवेअर बनवणे आणि त्याच्या चाचण्या घेणे, या क्रियेला ‘बिल्ड’ म्हणतात. ही क्रिया दिवसातून अनेकदा आपोआप पार पाडून तिचा निकाल फलकावर दाखवणारी स्वतंत्र साधने असतात. या दोन नोंदवह्या परस्परांना अनोळखी राहिल्या, तर ‘दोष दुरुस्त झाला’ हे विधान केवळ दावा ठरते. त्यांची सांगड घातली, की त्या दाव्याला पुरावा मिळतो.

पार्श्वभूमी

या दोन्ही प्रकारच्या साधनांचा परिचय जगाला मोठ्या प्रमाणावर झाला तो मोझिला प्रकल्पामुळे. नेटस्केप कंपनीने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. त्याच वर्षी टेरी वाइसमन यांनी लिहिलेला ‘बगझिला’ हा बग ट्रॅकरही खुला झाला. त्याच्या जोडीला ‘टिंडरबॉक्स’ हे बिल्डवर लक्ष ठेवणारे साधन होते. टिंडरबॉक्स म्हणजे चकमकीची डबी. बिल्ड फसले की फलकावरील रकाना लाल होई आणि ‘झाड पेटले’ असे म्हटले जाई. त्या काळात कोणी कोड जमा केला, त्यांची नावे ‘गिल्टी’, म्हणजे दोषी, अशा मथळ्याखालील रकान्यात झळकत. फलकावर पहारा देणाऱ्या व्यक्तीला ‘शेरिफ’ म्हणत. आग विझेपर्यंत नवा कोड स्वीकारायचा नाही, हा तेथील दंडक होता.

पुढे २००१ मध्ये ‘क्रूझकंट्रोल’ आले. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅटलासियन कंपनीने २००२ मध्ये ‘जिरा’ हा बग ट्रॅकर बाजारात आणला. त्याचे नाव गॉडझिलाच्या ‘गोजिरा’ या जपानी नावावरून घेतलेले असून, त्यात बगझिलाचीच खोडकर आठवण आहे. कोसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टीम्समध्ये असताना लिहिलेले ‘हडसन’ २०११ पासून ‘जेन्किन्स’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

सांधा : दोषाचा क्रमांक

दोन साधनांना जोडणारा धागा अगदी साधा आहे. प्रत्येक दोषाला ट्रॅकरमध्ये क्रमांक मिळतो. प्रोग्रॅमरने दुरुस्त केलेला कोड सामायिक भांडारात जमा करताना जो संदेश लिहायचा, त्यात हा क्रमांक नमूद करायचा. मोझिलामध्ये असा संदेश ‘बग’ हा शब्द आणि त्यापुढे क्रमांक, अशा रीतीने सुरू होतो. जिरामध्ये प्रकल्पाची आद्याक्षरे, आडवी रेघ आणि अंक, असे क्रमांकाचे रूप असते. बिल्डचे साधन हे संदेश वाचते, त्यांतील क्रमांक ओळखते आणि कोणत्या बिल्डमध्ये कोणती दुरुस्ती आली, हे सांगू शकते.

संदेशात क्रमांकच नसेल, तर पुढची सारी जुळणी व्यर्थ होय. म्हणून क्रमांकाविना आलेला कोड भांडारानेच नाकारावा, अशी व्यवस्था अनेक ठिकाणी केली जाते.

जोडणीचे टप्पे

पहिला टप्पा खात्याचा. बिल्डच्या साधनासाठी ट्रॅकरमध्ये स्वतंत्र खाते उघडावे. एखाद्या कर्मचाऱ्याचे खाते वापरल्यास तो कर्मचारी नोकरी सोडून गेला की जोडणी तुटते. शिवाय यंत्राने लिहिलेली नोंद त्याच्या नावावर पडते. या खात्याला नोंदी वाचणे आणि टिप्पणी लिहिणे एवढेच अधिकार पुरेसे असतात. बगझिलाच्या २०१५ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून पासवर्डऐवजी स्वतंत्र ‘एपीआय की’ देण्याची सोय आहे. ही किल्ली बिल्डच्या आज्ञावलीत उघडपणे लिहू नये, साधनाच्या गुप्त साठ्यात ठेवावी.

दुसरा टप्पा क्रमांक ओळखण्याच्या नियमाचा. येथे ढिलाई झाली, तर विचित्र घोटाळे होतात. ‘अक्षरे, रेघ, अंक’ एवढाच नियम ठेवला, तर ‘यूटीएफ-८’ हे लिपीच्या संकेतप्रणालीचे नावही दोष क्रमांकासारखे दिसते. आपल्या प्रकल्पाची आद्याक्षरे नियमात नेमकी लिहिणे, हा त्यावरील उपाय.

तिसरा टप्पा दिशेचा. आरंभी जोडणी केवळ वाचण्यापुरती ठेवावी. बिल्डच्या पानावर दोषाचा दुवा दिसू लागला आणि तो योग्य नोंदीकडे नेतो, याची खात्री पटली, की मगच ट्रॅकरमध्ये लिहिण्याची मुभा द्यावी. ही चाचणीही खऱ्या प्रकल्पावर न करता प्रायोगिक प्रकल्पावर करणे इष्ट.

चौथा टप्पा सर्वांत महत्त्वाचा : कोणत्या घटनेवर काय लिहायचे? जेन्किन्सच्या जिरा प्लगइनचे नेहमीचे वर्तन येथे बोधप्रद आहे. बिल्ड फसले, तर ते दोषाच्या नोंदीत काही लिहीत नाही. ते क्रमांक लक्षात ठेवून पुढच्या बिल्डकडे सोपवले जातात आणि बिल्ड पार पडले, की तेव्हा टिप्पणी होते. म्हणजे नोंदीत ‘दुरुस्ती अमुक बिल्डमध्ये आली’ असे दिसले, तर ते बिल्ड खरोखर तयार झालेले असते. प्रत्येक निकाल नोंदवण्याचा पर्यायही आहे. परंतु तो विचारपूर्वक निवडावा.

गोंगाटाचा धोका

प्रत्येक फसलेल्या बिल्डसाठी आपोआप नवा दोष नोंदवावा, हा मोह अनेकांना होतो. नेटवर्क क्षणभर तुटले, डिस्क भरली, तरीही बिल्ड फसते. अशा वेळी एकाच कारणाचे अनेक दोष रातोरात जमा होतात आणि खरा दोष त्यांत हरवतो. सूचनांचे ईमेल न वाचताच पुसण्याची सवय एकदा लागली, की जोडणी असून नसल्यासारखीच.

कधी पार पडणाऱ्या, कधी फसणाऱ्या चाचण्या हा याहून अवघड प्रकार. मोझिलाच्या फलकावर फसलेल्या चाचण्या नारिंगी रंगात दिसतात. तेथे चाचणी फसली, की तिच्या त्रुटीच्या ओळी बगझिलातील जुन्या दोषांच्या शीर्षकांशी ताडून पाहिल्या जातात आणि संभाव्य दोष सुचवले जातात. हा तोच दोष आहे की नवा, याचा निर्णय मात्र शेरिफ घेतो. पूर्वी अशा प्रत्येक प्रसंगाची वेगळी टिप्पणी दोषाच्या नोंदीत पडत असे. पुढे ‘ट्रीहर्डर’ या नव्या फलकाच्या काळात ती पद्धत जाऊन, ठरावीक काळात तो दोष किती वेळा आढळला, याचा गोषवारा देण्याची पद्धत आली. माहिती तीच, परंतु वाचणाऱ्याचा वेळ वाचला.

दोष मिटला, हे कोणी ठरवायचे?

दोषाची स्थिती यंत्राने बदलावी काय, हा प्रश्न अखेरीस उरतोच. बिल्ड पार पडले याचा अर्थ इतकाच, की कोड जुळला आणि ज्या चाचण्या लिहिल्या होत्या त्या उत्तीर्ण झाल्या. मूळ तक्रार ज्या परिस्थितीत उद्भवली, तिची चाचणी कोणी लिहिलेलीच नसेल, तर हिरवा रंग काहीच सिद्ध करीत नाही. बगझिलामध्ये ‘रिझॉल्व्हड’ आणि ‘व्हेरिफाइड’ या दोन स्थिती वेगळ्या ठेवल्या आहेत, त्या यासाठीच. दुरुस्ती झाली, हे प्रोग्रॅमर सांगतो. ती कोणत्या बिल्डमध्ये आली, हे यंत्र सांगते. आणि ते बिल्ड चालवून तक्रार खरोखर दूर झाली की नाही, हे परीक्षकाने पाहायचे असते. जोडणी चांगली झाली असेल, तर परीक्षकाला त्यासाठी नेमके कोणते बिल्ड उघडायचे, हे कोणाला विचारावे लागत नाही.