हेडफोन आणि विजेचा हिशेब

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईच्या रेडिओ केंद्राचे उद्घाटन केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या या केंद्राचा प्रक्षेपक होता दीड किलोवॉटचा, आणि साध्या क्रिस्टल सेटवर तो साधारण ३० मैलांच्या परिघात ऐकू येई. उत्तन आणि चौकच्या शेजारची, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत गाजलेल्या धारावी किल्ल्याजवळची पाली ही वस्ती मुंबईच्या कोटापासून सरळ रेषेत पंचवीसेक मैलांवर आहे, म्हणजे त्या परिघाच्या आत, पण काठाकाठाने. घरात वीज नसली तरी उंच बांधलेली तार, जमिनीत पुरलेली दुसरी तार, गॅलेनाचा खडा आणि कानाला हेडफोन एवढ्यावर मुंबईचे गाणे इथे उतरू शकत होते. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण हेडफोनच्या ड्रायव्हरची, म्हणजे आत आवाज काढणाऱ्या भागाची, तुलना आज ज्या पद्धतीने केली जाते ती याच ठिकाणी चुकते. डायनॅमिक, प्लेनर, इलेक्ट्रोस्टॅटिक, बॅलन्स्ड आर्मेचर ही नावे एका शिडीच्या पायऱ्यांसारखी मांडली जातात. खालची जुनी आणि हलकी, वरची नवी आणि भारी. इतिहास तसे सांगत नाही. कोणत्या काळात कोणता ड्रायव्हर कानाशी आला, हे मुख्यतः त्या काळी ऐकणाऱ्याच्या हाताशी किती वीज होती यावर ठरले. आवाजाचा दर्जा हा त्यानंतरचा विचार.

क्रिस्टल सेटला बॅटरी लागत नाही. हवेतून तारेने जेवढी ऊर्जा पकडली तेवढीच त्याची मिळकत, आणि ती अत्यल्प. एवढ्याशा ऊर्जेवर पडदा हलवायचा तर नेहमीचा मार्ग असा होता: कायम चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे द्यायचे आणि त्यासमोर लोखंडाची पातळ चकती ठेवायची. या ‘मूव्हिंग आयर्न’ हेडफोनचा विद्युतरोध हजारो ओहमचा असे. आजच्या मोबाइलला लावायचे हेडफोन बहुधा १६ किंवा ३२ ओहमचे असतात. चुंबक तिथे शोभेला नव्हता. तो काढला तर प्रवाह कोणत्याही दिशेने वाहो, चकती आपली कॉइलकडेच ओढली जाते आणि सुराची कंपनसंख्या दुप्पट होते. चुंबकाने चकती आधीच थोडी ताणून धरली की ती संदेशाबरोबर पुढेमागे डोलते. या व्यवस्थेची किंमत आवाजाने मोजली. लोखंडी चकती ताठ, तिचा स्वतःचा नाद बोलण्याच्या पट्ट्यात, हजार हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे बातमी स्पष्ट कळे आणि तबल्यातला डग्गा जवळजवळ नाहीसा होई.

पालीच्या परिसरातली गाण्याची सवय पाहिली तर हे नुकसान किती मोठे होते ते कळते. ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि कोळी लग्नांत घुमट आणि ब्रास बँड ही ऐकण्याची खरी शाळा. घुमट म्हणजे मातीचे भांडे. त्याच्या रुंद तोंडावर कातडे ताणलेले असते आणि दुसरे, अरुंद तोंड उघडे. वाजवणारा एका हाताच्या बोटांनी कातड्यावर ठेका धरतो आणि दुसऱ्या तळव्याने उघडे तोंड झाकत-उघडत घुमारा खाली-वर करतो. हा घुमारा भांड्यातल्या हवेचा आहे. लोखंडी चकतीतून ऐकले तर बोटांची टकटक तेवढी पोचेल, भांडे पोचणार नाही. म्हणजे १९२७ चा श्रोता मूव्हिंग आयर्न चांगला वाजतो म्हणून तो वापरत नव्हता. दुसरे काही त्या ऊर्जेवर वाजतच नव्हते.

डायनॅमिक ड्रायव्हरची कल्पना तेव्हा नवी नव्हती. चुंबकीय फटीत हलणाऱ्या कॉइलचे पेटंट अर्न्स्ट सीमेन्सने १८७४ मध्येच मागितले होते. पण त्या कॉइलला पुरेसा जोर द्यायला अॅम्प्लिफायर हवा, आणि व्हॉल्व्ह येईपर्यंत तो नव्हता. अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी डायनॅमिक स्पीकरचे काम १९२५ मध्ये मांडले; जर्मनीत बायरचा डीटी ४८ हा डायनॅमिक हेडफोन १९३७ चा. पन्नास वर्षे थांबलेली गोष्ट वीज मिळताच बारा वर्षांत कानापर्यंत आली. आपल्याकडे मात्र व्हॉल्व्ह आल्यावर हेडफोन मागेच पडला. ताकद आली तशी माणसे एकत्र बसून ऐकू लागली. पुढे मर्फीचे रेडिओ थेट ठाण्यातच बनू लागले आणि ऐकणे हा घरादाराचा कार्यक्रम झाला. एकट्याच्या कानात गाणे परत आले ते १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनबरोबर, दोन पेन्सिल सेलवर. त्याचे हलके हेडफोन सुमारे ५० ग्रॅमचे होते, आणि ते जमले समेरियम-कोबाल्टच्या छोट्या पण जोरकस चुंबकामुळे. पुन्हा तोच हिशेब: सेल लहान, म्हणून चुंबक तगडा.

यावर जाणकार श्रोता म्हणेल की हे सगळे खरे असले तरी आज अॅम्प्लिफायर स्वस्त आहेत, विजेची अडचण संपली, मग आता तरी शिडी खरी मानायला काय हरकत आहे? आक्षेप वजनदार आहे. इलेक्ट्रोस्टॅटिकचा पडदा काही मायक्रॉन जाडीचा. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधे तो सर्व पृष्ठभागावर एकसारखा ढकलला जातो, त्यामुळे त्याची विकृती कमी असते, हे मोजमापात दिसते. जपानच्या स्टॅक्सने असा हेडफोन १९६० मध्ये बाजारात आणला. यामाहाचा १९७६ चा एचपी-१ हा प्लेनर. त्यात कॉइलच पडद्यावर छापलेली. दोन्ही कल्पना देखण्या आहेत. तरी इलेक्ट्रोस्टॅटिकला शेकडो व्होल्टचा दाब आणि खास अॅम्प्लिफायर लागतो, प्लेनरला चुंबकांच्या ओळी लागतात आणि त्याचे वजन सहज अर्धा किलोकडे जाते. शिवाय समुद्रकाठी आणखी एक वैरी आहे. दमट हवेत पडद्यावरचा विद्युतभार गळतो, धूळ शिरली की चरचर सुरू होते, एक कान दुसऱ्यापेक्षा मंद वाजू लागतो. पालीत पावसाळ्याचे चार महिने हवा कशी असते ते सांगायला नको. वीज मुबलक झाली म्हणून परिस्थितीचा हिशेब संपला असे होत नाही.

शिडीच्या विरोधातला सर्वांत मोठा साक्षीदार बॅलन्स्ड आर्मेचर आहे. अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनियल बाल्डविनने १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून नौदलाला विकले. त्यांत दोन बाजूंनी तोललेले लोखंडी आर्मेचर होते आणि ते अभ्रकाच्या पडद्याला हलवत असे. हीच कल्पना पुढे श्रवणयंत्रांत टिकली, कारण तिथेही सेल बारीक आणि जागा त्याहून बारीक. १९९१ मध्ये एटिमॉटिकच्या ईआर-४ मधून ती संगीत ऐकणाऱ्यांच्या कानात शिरली, आणि आज महागड्या इन-इअरमध्ये ती मिरवते. क्रिस्टल सेटच्या चकतीची ही सख्खी चुलत बहीण ‘प्रीमियम’ म्हणून विकली जाते आणि हेडफोन म्हणून तिच्यापेक्षा तरुण असलेला डायनॅमिक ‘साधा’ ठरतो, हा बाजाराचा विनोद समजावा. एकेका आर्मेचरचा पट्टा अरुंद असल्याने खर्ज, मध्य आणि तार यांसाठी अनेकदा वेगवेगळी आर्मेचर बसवावी लागतात, हे जाहिरात ‘सहा ड्रायव्हर’ म्हणून अभिमानाने सांगते.

आणि दर्जाचे म्हणाल तर पुरावा शिडीच्या बाजूने नाही. जेरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापे तपासली, तेव्हा किंमत आणि कंपनसंख्येनुसारचा प्रतिसाद यांत संबंध आढळला नाही. शॉन ऑलिव्ह यांच्या ऐकण्याच्या चाचण्यांतही पसंती मुख्यतः याच प्रतिसादावर ठरलेली दिसते. खर्ज किती, मध्य किती, तार किती. तो प्रतिसाद कोणत्याही ड्रायव्हरमधून नीट घडवता येतो आणि कोणत्याहीत बिघडवता येतो. १९२५ पूर्वीच्या, मायक्रोफोनशिवाय कर्ण्यात गाऊन केलेल्या मुद्रणांत तर काही हजार हर्ट्झच्या वर गाणे जवळजवळ नाहीच. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या इलेक्ट्रोस्टॅटिकवर लावल्या तर सुईची खरखर तेवढी अधिक स्वच्छ ऐकू येईल.

तेव्हा पालीत, उत्तनला किंवा या किनाऱ्यावर कुठेही राहणाऱ्याने पहिल्या हेडफोनसाठी आधी चांगल्या बांधणीचा डायनॅमिक ऐकून पाहावा. खरेदीला जाताना घुमटाचे एखादे लग्नगीत मोबाइलमध्ये न्यावे. बोटांच्या टकटकीबरोबर भांड्याचा घुमाराही नीट वेगळा ऐकू आला, तर खोक्यावर ड्रायव्हरचे नाव काय छापले आहे ते न वाचता पैसे मोजावेत.